बोटभर लोखंड

मित्रांनो, मी जुना आहे, गंजलेला आहे आणि दोन तुकड्यांत आहे. हेक्टरच्या गॅरेजात, दाराजवळच्या भिंतीवर खाली दोन खिळे आहेत, त्यांना माझे दोन्ही तुकडे टांगलेले आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय लटकवलंय रे?" मग हेक्टर गोष्ट सांगतो, ती अर्धी असते. तांबडा लॉकी सांगतो, ती दीडपट असते. म्हणून म्हटले, आपली हकीकत आपणच सांगावी.

मी एका मोटारीचा मागचा दांडा होतो, उजव्या बाजूचा. एका टोकाने चाक धरायचे, दुसऱ्या टोकाने गाडीचा सांगाडा धरायचा, पाठीवर स्प्रिंग पेलायची. खड्डा आला की चाकाला वर-खाली होऊ द्यायचे, पण इकडेतिकडे भरकटू द्यायचे नाही. एवढेच माझे काम. लोक गाडीचा रंग बघतात, गादीवर हात फिरवतात, काचा पुसतात. आमच्यापर्यंत फडके कधी पोचत नाही. आमचे नाव निघते ते आम्ही मोडल्यावर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पत्र्याचे दोन अर्धे दाबून एकमेकांना जोडले, वर काळा रंग चढवला, आणि मी तयार झालो. माझा जुळा भाऊ डावीकडे बसला. तेव्हा आम्ही इतके चकचकीत होतो की मला वाटे, माणसे मुद्दाम वाकून आम्हाला बघतील. वेडी आशा होती.

आमची गाडी केप ब्रेटन बेटावर आली. तिचा मालक लॉकी मॅकलेलन. मित्रांनो, आमच्या बेटावर पाऊस भरपूर, मासे भरपूर, दुष्काळ आहे तो फक्त नावांचा. आमच्या एवढ्याशा गावात लॉकी मॅकलेलन दोन होते, आणि दोघांच्या बापांचे नाव रोरीच. चर्चच्या दारात "अरे लॉकी" म्हणून हाक मारली की दोन टोप्या वळत. त्यामुळे चिडवण्याचे नाव तेच खरे नाव, आणि पाटीवरचे नाव फक्त सरकारसाठी. माझा मालक टपाल वाटायचा म्हणून तो टपालवाला लॉकी. दुसऱ्याचे केस लहानपणी तांबडे होते. आता पांढरे झाले, तरी तो तांबडा लॉकीच. तो एकटा जीव, लग्न केले नाही, आणि त्याचा ट्रक त्याच्याहून म्हातारा.

टपालाची गाडी म्हणजे काय ते मला विचारा. रोज दोनशे चाळीस पेट्या. प्रत्येक पेटी रस्त्याच्या उजव्या कडेला खांबावर. आमच्याकडे गाडीचे स्टिअरिंग आणि ब्रेक डावीकडे असतात, तरी मालक बसायचा उजव्या खुर्चीवर, डावा पाय लांब करून ब्रेक दाबायचा, डाव्या हाताने स्टिअरिंग वळवायचा आणि उजव्या हाताने पत्र सारायचा. आणि गाडीची उजवी चाके दिवसभर डांबर सोडून कडेच्या खडीत आणि खड्ड्यांत. माझा भाऊ सपाट रस्त्यावरून मजेत जायचा. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने म्हणतात. मी तर दोन्हीने मरत होतो. नाताळाच्या आधी मागे खोकी इतकी भरलेली असत की आमची पाठ जमिनीला टेकायला आलेली असे. तरी त्या वर्षांत मी सुखी होतो. एकदा बर्फात रुतलेल्या तिघा-चौघांना मागे टाकून आम्ही शेवटच्या पेटीपर्यंत गेलो, तेव्हा मालकाने गाडीच्या मागच्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास, म्हातारे." ती थाप माझ्यापर्यंत पोचली होती.

आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. आम्ही सतरा हिवाळे मीठ खाल्ले, आणि मीठ आम्हाला खात राहिले. चौदाव्या वर्षी मार्च महिन्यात पुलाजवळच्या एका खड्ड्यात माझे अंग कचकन वाजले. माझ्या जोडाला केसाएवढी रेघ पडली. दुखले म्हणावे तर फारसे नाही. पण त्या दिवसापासून मला माझा शेवट माहीत होता.

रेघ वाढत गेली. मी आवाज करू लागलो. प्रत्येक पेटीपाशी गाडी थांबली की टक, निघाली की टक. मालकाच्या कानात सारंगीचे सूर वाजवणारा रेडिओ भरलेला. ऐकले ते त्याच्या बायकोने, एफीने. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान मांजराचे.

"लॉकी, मागून काहीतरी टकटक करतंय."

"पार्सल असेल."

"आज रविवार आहे. पार्सल कुठलं?"

"अगं, सतरा वर्षांची गाडी आहे. तुझे गुडघे नाही वाजत?"

"माझ्या गुडघ्यांवर बसून तू डोंगर उतरत नाहीस. हेक्टरला दाखव."

"दाखवलं की तो काहीतरी काढणारच. मागचे सुटे भाग किती महाग झालेत ठाऊक आहे? गाडीच विकली तरी तेवढे यायचे नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"मग चालत वाट पत्रं," एफी म्हणाली आणि काच वर केली.

तरी ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळ्याची चाके चढवायला गाडी हेक्टरकडे गेलीच. आमच्या गावात गॅरेजची एक रीत आहे. सकाळी गाडी सोडायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि निघून जायचे. काम झाले की हेक्टर बिल खुर्चीवर ठेवतो, किल्ली पुन्हा खिळ्याला. मालक येतो, गाडी घेऊन जातो, पैसे महिन्याच्या शेवटी देतो. चार-चार दिवस माणसाला माणूस भेटत नाही, आणि त्याचा सगळ्यांना अभिमान. इतका विश्वास दुसरीकडे कुठे बघायला मिळेल!

हेक्टरने गाडी वर उचलली, चाक काढले, दिवा जवळ आणला आणि थांबला. चिंधीने मला पुसले. नंतर नखाने रेघ चाचपली. तो स्वतःशीच म्हणाला, "अरे देवा." पिवळ्या खडूने त्याने माझ्या रेघेभोवती गोल काढला. सतरा वर्षांत प्रथमच कोणीतरी माझ्याकडे नीट बघत होते. मला वाटले, सुटलो. आपण जाऊ भंगारात, पण माणसे वाचतील.

हेक्टर भिंतीवरच्या फोनपाशी गेला. फोनशेजारी त्याच्या बापाच्या हातची नंबरांची यादी चिकटवलेली होती. तिच्यात आडनाव एकही नाही. "लॉकी रोरी" असे लिहिलेले होते. म्हणजे रोरीचा लॉकी. हेक्टरच्या बापाच्या काळी माझा मालक कामासाठी परगावी होता, आणि गावात रोरीचा लॉकी म्हणजे तांबडा. हेक्टरने नंबर फिरवला. तांबडा लॉकी फोनवर इतका ओरडून बोलतो की मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"लॉकी, हेक्टर बोलतोय. तुझं मागचं गेलंय रे. उजवीकडचं."

"मागचं बसलंय ते मला दहा वर्षं माहीत आहे!" तांबडा ओरडला. त्याचाही ट्रक आदल्याच दिवशी चाके बदलून गेला होता, आणि त्या ट्रकची पाठ खरेच बसलेली होती.

"बसलेलं नाही, तडकलंय. दोन्ही बाजू बदलायला हव्यात. स्प्रिंगासकट अठराशे डॉलर होतील."

"अठराशे? अठराशेत मी बोट घेईन आणि पोहत जाईन!"

"बोट घेतल्यावर पोहशील कशाला? हसण्यावारी नेऊ नकोस. तुटेल."

"तुटलं तर तुटलं. माझ्यामागे रडणारं कोण बसलंय? राहू दे, वसंतात बघू."

हेक्टरने फोन ठेवला. "एफी आहे की रडायला, गाढवा," तो म्हणाला. त्या ओरडण्यात आवाज ओळखू आला नव्हता; त्याला वाटले, टपालवाल्याचा तो नेहमीचा हट्ट. त्याने नवे चाक चढवले, बिलावर काहीतरी दाबून दाबून लिहिले, खुर्चीवर ठेवले आणि जेवायला गेला. मित्रांनो, मी ओरडत होतो. पण गाडी उभी असली की आम्हाला आवाज नसतो.

मालक आला. बिलावर चाकांचा आकडा दिसला, तेवढाच त्याने बघितला. खाली अजून चार ओळी होत्या. त्याने कागदाची घडी केली आणि समोरच्या कप्प्यात कोंबली. घरी जाऊन एफीला म्हणाला, "बघ, काही नाही निघालं. उगाच जिवाला घोर लावून घेतेस." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्याची दया आली.

अजून एक आशा होती, तो पिवळा खडू. पण दुसऱ्याच दिवशी मालकाने हिवाळ्यापूर्वीच्या तेलाचे काम काढले. गंज चढू नये म्हणून आमच्याकडे गाडीच्या पोटाला तेल फवारतात आणि लगेच कोरड्या मातीच्या रस्त्यावर गाडी पळवतात, म्हणजे धूळ तेलावर बसून जाड थर धरते. हे शहाणपण बापाकडून मुलाकडे येते, आणि एरवी ते खरेच शहाणपण आहे. त्या दिवशी तेलाने खडू पुसला आणि धुळीने रेघ झाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. वरून मी किती धडधाकट दिसत होतो!

त्यानंतर दहा दिवस मी रोज टपाल वाटले. हेक्टरच्या गॅरेजचीही पेटी आमच्याच रस्त्यावर. रोज सकाळी आम्ही तिथे थांबायचो, टक, आणि हेक्टर आतून मान हलवायचा. एकदा न राहवून तो दारात आला.

"जपून चालव रे, लॉकी!"

"तूही जप, हेक्टर!" मालक हात हलवून म्हणाला.

एवढेच झाले. दोघांनी एकमेकांची काळजी घेतली, असे दोघांनाही वाटले.

मग तो गुरुवार आला. एफीच्या डोळ्याचे ऑपरेशन सिडनीला होते. ऑस्ट्रेलियातल्या नव्हे, आमच्याच बेटावरच्या सिडनीला. तिकडे जायला स्मोकीचा घाट ओलांडावा लागतो. आमच्या बाजूने चढण सोपी आहे. पलीकडे मात्र वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणाच्या बाहेर खाली समुद्र. रात्री थोडा बर्फ पडून गेला होता. मालकाने सुट्टी घेतली होती, तरी वाटेतल्या तीन घरांची पत्रे बरोबर घेतलीच. सवय. त्या तीन थांब्यांत दहा-पंधरा मिनिटे गेली, आणि एफी त्याला बोल लावत राहिली.

चढण लागली. सगळे वजन मागे आले. माझी रेघ प्रत्येक हिसक्याला उघडत होती आणि मिटत होती. आता टक नव्हते, एक बारीक कुरकुर होती. मला धरून ठेवणारे लोखंड किती उरले आहे हे मला नीट कळत होते. मला भीती वाटत होती, मित्रांनो. माझी नव्हे. एफीने मांडीवर गरम चहाची बाटली घेतली होती आणि ती गुणगुणत होती.

त्याच वेळी गावात काय झाले, ते मला नंतर या भिंतीवरून कळले. तांबडा लॉकी पेट्रोल भरायला हेक्टरकडे आला. बोलता बोलता हेक्टर म्हणाला, "तो टपालवाला काही ऐकत नाही बघ. मी स्वतः फोन केला, दांडा तुटेल म्हणालो, तर म्हणतो माझ्यामागे कोण रडणार."

तांबड्याने पेट्रोलची नळी तशीच धरली. "हे तर मी म्हणालो होतो."

"तू?"

"तू मला फोन केलास, बाबा. माझं मागचं गेलंय म्हणालास. माझ्या ट्रकला स्प्रिंगांऐवजी लोखंडी पाटे आहेत, एकावर एक. दांडा असेल कुठून?"

हेक्टर धावत फोनपाशी गेला. टपालवाल्याच्या घरी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. एफीचे ऑपरेशन आज आहे हे गावाला ठाऊक होते; तांबडा तोवर स्मोकीकडे निघायला ट्रकमध्ये चढला होता, पेट्रोलच्या टाकीचे झाकण न लावताच.

तो मागून आला तेव्हा आम्ही माथ्यावर पोचत होतो. सारखा भोंगा वाजवत होता. मालक आरशात बघून हसला. "तांबड्याला शर्यत हवीय!" त्याने गाडीचा वेग वाढवला.

"थांबव," एफी म्हणाली.

"अगं, उशीर होतोय."

"लॉकी, आत्ताच्या आत्ता थांबव, नाहीतर घाट संपेपर्यंत मी मोठ्यानं जपमाळ म्हणेन."

मालकाने पुटपुटत गाडी रस्त्यातच थांबवली. तांबडा पळत आला. त्याला धाप लागली होती.

"कोण मेलं?" मालकाने काच खाली करून विचारले.

"अजून कोणी नाही. उतरा. दोघंही उतरा."

त्याने सांगितले. धड एक वाक्य पुरे करत नव्हता. मालक ऐकत गेला आणि लालबुंद होत गेला. "हेक्टरनं काही असतं तर मला सांगितलं नसतं? तुला वेड लागलंय. बिलसुद्धा दिलंय त्यानं!"

"कुठाय बिल?" एफीने विचारले. उत्तराची वाट न बघता तिने समोरचा कप्पा उघडला. रबरबँडांच्या ढिगातून तो कागद काढला आणि नाकाला लावून, एकेक अक्षर शोधत वाचला. "मागचा उजवा दांडा तडकला आहे. गाडी चालवू नये. मालकाला फोन केला. मालक नको म्हणाला."



"एकतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवतोस," एफी म्हणाली. "स्वतःला आलेलं एवढंसं वाचलं नाहीस?"

"दिसलं होतं मला, खाली काहीतरी लिहिलंय ते," मालक हळू म्हणाला. "वाचायचंच नव्हतं."

एफी उतरली आणि ट्रकच्या कडेला जाऊन उभी राहिली. मालक म्हणाला, गाडी रस्त्यात आहे, तेवढी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतो. एफीने त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली, पण दार उघडेच ठेवले. माणूस चालतो त्या वेगाने त्याने गाडी वळवली. उजवे चाक कडेच्या चरात उतरले, आणि मी मोडलो.

फार मोठा आवाज झाला नाही. चाक पोटाखाली दुमडले आणि गाडी बसलेल्या गाईसारखी एका अंगावर कलली. हेक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की दांड्याने शेवटपर्यंत धरून ठेवले, इमानी होता. खोटे आहे. मी काहीही धरून ठेवले नव्हते. मोडायची वेळ आली तेव्हा मोडलो. पहिले वळण तिथून दोनशे पावलांवर होते.

मालक दार धरून उतरला. त्याचे गुडघे खरेच वाजत होते. त्याने वळणाकडे बघितले, मग एफीकडे, आणि भर रस्त्यात तो रडायला लागला. तांबडा म्हणत होता, "मी म्हटलं राहू दे. माझ्या तोंडानं म्हटलं." एफीने दोघांनाही चहा पाजला. मग ती तांबड्याच्या ट्रकमध्ये बसून घाट उतरून गेली, आणि तिचे ऑपरेशन वेळेवर झाले.

दोन्ही दांडे, स्प्रिंगा, रबरी बुश, सगळे नवे बसले. कोंबडी-मसाल्याचे नाव मालकाने काढले नाही. माझ्या भावाच्या अंगातही रेघ निघाली. तो भंगारात गेला.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर एफी मला बघायला आली. मोडलेल्या जागी माझे लोखंड दोन रंगांचे होते. बहुतेक भाग काळा, म्हणजे तो केव्हाच तुटून गंजलेला. चकचकीत होता तो फक्त एक कोपरा, तेवढ्यानेच मी जोडलेला होतो. एफीने त्यावर बोट आडवे ठेवले. बोटाखाली तो झाकला गेला. ती कितीतरी वेळ बोट उचलत नव्हती.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला एवढेच म्हटले असते, की खालून आवाज आला तर वाका, कागद आला तर शेवटपर्यंत वाचा. पण संपलेली नाही.

तांबड्या लॉकीला त्या फोनची टोचणी लागून राहिली आहे. म्हणून आता तो दर गुरुवारी गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या ट्रकमधून स्मोकीपलीकडे दवाखान्यात नेतो. पैसे घेत नाही. निघण्यापूर्वी हवा भरायला तो इथे, माझ्यासमोर थांबतो. मी खाली टांगलेला असल्यामुळे मला ट्रकचे पोट दिसते. उजवीकडच्या पाट्यांतला वरून दुसरा पाटा आरपार चिरला आहे. त्यावर चिखलाचा थर आहे, पण ट्रक हलला की चीर उघडते ती मला इथून दिसते. ट्रक वर उचलल्याशिवाय तो हेक्टरला दिसायचा नाही, आणि हेक्टरने विषय काढला की तांबडा म्हणतो, "दोन म्हाताऱ्या खोळंबल्यात बाबा, नंतर बघू."

गेल्या गुरुवारी मागे तिघीजणी बसल्या होत्या. मधली एफी होती. दुसऱ्या डोळ्याची तपासणी चालू आहे.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कोणी या बाजूला येणार असेल, तर दारातच हेक्टरला गाठा आणि ट्रक उचलायला सांगा. लवकर या. आज बुधवार आहे.